आधी काय बदलायचं?

हातात अचानक पैसे आले की माणूस सुधारणेच्या मागे लागतो. गरीब असेल तर घराला चुना काढतो, मध्यमवर्गीय असेल तर फरशी बदलतो आणि श्रीमंत असेल तर शेजारच बदलतो. मला सत्तर पूर्ण झाली त्या दिवशी पुण्याच्या लेकीनं पन्नास हजार रुपये पाठवले आणि फोनवर बजावलं, "बाबा, हे औषधाला नाहीत, नळाच्या तोटीला नाहीत आणि भाच्याच्या लग्नातल्या आहेरालाही नाहीत. तुमच्या रेकॉर्ड प्लेअरला आहेत. त्यातलं काहीतरी अपग्रेड करून घ्या."

अपग्रेड हा शब्द मी छत्तीस वर्षं जळगावच्या एका कचेरीत रोज ऐकला. ग्रेड इतरांच्या 'अप' व्हायच्या, माझी होती तिथंच समाधानानं बसून राहिली. त्यामुळे ही संधी निदान माझ्या यंत्राच्या तरी वाट्याला आली याचं मला बरं वाटलं. प्रश्न एवढाच होता की आधी काय बदलायचं?

यंत्र आमच्या आप्पांचं. आप्पा जिनिंग फॅक्टरीत हिशेबनीस होते. १९७४ साली त्यांनी मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवरून ही स्टीरिओची वरात घरी आणली: एक रेकॉर्ड प्लेअर, एक ॲम्प्लिफायर आणि लाकडी खोक्यांतले दोन स्पीकर. नव्या पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत स्टीरिओ आला तेव्हा स्टीरिओ म्हणजे काय हे गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं, आणि आप्पांनाही नव्हतं असं आता म्हणायला हरकत नाही. कारण दोन स्पीकर दिलेत ते दोन खोल्यांसाठी, असा सरळ अर्थ लावून त्यांनी डावा बाहेरच्या खोलीत ठेवला आणि उजवा स्वयंपाकघरात, फडताळावर, आईसाठी. पुढं एकदा कुठलीशी खरीखुरी स्टीरिओ रेकॉर्ड घरात आली. बाहेर आम्ही सतार ऐकत होतो आणि आत आईच्या वाट्याला नुसता तबला आला होता. तिनं तक्रार केली नाही. 'आज नुसताच ठेका धरलाय का रे?' एवढंच विचारलं. संसारात आपल्या वाट्याला एकच बाजू येते, याची तिला सवय असावी.

असो. पन्नास हजारांची बातमी फुटली आणि सल्लागार जमले.

पहिला सल्ला गोलाणी मार्केटमधल्या दुरुस्तीवाल्याचा. त्यानं झाकण उघडलं, सुई भिंगाखाली धरली आणि डॉक्टर जसे नातेवाइकांना बाहेर बोलावतात तसा चेहरा करून म्हणाला, "ही शेवटची कधी बदलली?" मी म्हणालो, "१९८९." तो बराच वेळ बोलला नाही. हिऱ्याची सुई झाली तरी पाचशे ते हजार तास चालते. एल. पी.ची एक बाजू साधारण वीस मिनिटांची. रोज दोन बाजू ऐकल्या तर हजार तास चार वर्षांत संपतात. म्हणजे माझी सुई मरून दोन-तीन पिढ्या झाल्या होत्या आणि मी तिच्याकडून अजून गाणं म्हणवून घेत होतो. शिवाय, तो म्हणाला, हे जुनं सिरॅमिक कार्ट्रिज. पाच-सहा ग्रॅमचा भार टाकतं. हल्लीची चुंबकीय कार्ट्रिजं दोन ग्रॅममध्ये काम भागवतात. दोन ग्रॅम काय नि सहा ग्रॅम काय, असं आपल्याला वाटतं, पण केसाहून बारीक टोकावर तो भार पेलणाऱ्या रेकॉर्डला विचारा.

"मग चुंबकीय लाव," मी म्हणालो.

"लावतो. पण त्याचा आवाज फार बारीक निघतो, काही मिलीव्होल्टचा. त्याला आधी वेगळा प्री-ॲम्प लागेल. आणि हा दांडा त्या कार्ट्रिजला जड. दांडाही बदलावा लागेल. आणि एवढं केल्यावर हा ॲम्प्लिफायर..."

मला लंगोटीवाल्या साधूची गोष्ट आठवली. उंदरानं लंगोटी कुरतडू नये म्हणून मांजर, मांजराच्या दुधासाठी गाय, गाईच्या चाऱ्यासाठी शेत आणि शेत सांभाळायला बायको. आमच्या साधूचं सुईपासून सुरू झालं होतं एवढाच फरक.

दुसरा सल्ला जावयांचा. ते बंगलोरला असतात, त्यामुळे त्यांचं ऐकावं लागतं. ते म्हणाले, "सुईबिई राहू द्या. शेवटी कानाशी येतो तो स्पीकर. अर्ध्याहून अधिक पैसे स्पीकरवर घाला." हा वाद जुना आहे. स्कॉटलंडमधल्या लिन कंपनीचे आयव्हर टिफेनब्रन यांनी सत्तरच्या दशकात याच्या बरोबर उलटा झेंडा उभारला होता. आधी उगम सुधारा. खाचेतून जे वर आलंच नाही ते जगातला कुठलाही स्पीकर देऊ शकणार नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे आपल्याकडे पाणी भरणाऱ्या बायकांना ठाऊक होतं. पण त्यांनी त्यावर कंपनी काढली नाही.

उगमवाल्यांच्या बाजूचा सगळ्यांत मोठा पुरावा मला वाटतं आकाशात आहे. १९७७ साली अमेरिकेच्या नासानं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. परग्रहावर कुणी असलंच तर त्याच्यासाठी दोन्हींत एकेक सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची रेकॉर्ड ठेवली. तीत आपल्या गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. आता लक्षात घ्या, रेकॉर्डबरोबर नासानं काय पाठवलं? एक कार्ट्रिज आणि एक सुई. ॲम्प्लिफायर नाही, स्पीकर नाही. ते तुमचं तुम्ही बघा. म्हणजे अब्जावधी मैलांचा प्रवास ठरवताना, एकेक ग्रॅम वजन मोजणाऱ्या शास्त्रज्ञांनी गाण्यासोबत एवढंच अत्यावश्यक मानलं. हे मी जावयांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बाबा, पण अजून तिकडून कुणी ऐकल्याचं कळवलेलं नाही."

तिसरे सल्लागार शेजारचे, फिजिक्सचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी यंत्राकडे पाहिलंच नाही. मला खुर्चीत बसवलं, मोबाईलमधून शिट्ट्या वाजवायला सुरुवात केली आणि ऐकू येईल तोवर हात वर ठेवा म्हणाले. आठ हजार हर्ट्झच्या जरा पुढं माझा हात खाली आला. शिट्टी चालूच होती म्हणे. प्राध्यापक म्हणाले, "वय झालं की वरचे स्वर आधी जातात. नव्या स्पीकरवर वीस हजार हर्ट्झपर्यंत लिहिलेलं असतं. त्यातले बारा हजार तुम्ही वटवाघळांसाठी विकत घेणार." ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "माझी हाक किती हर्ट्झची असते तेही मोजा. ती यांना चाळीस वर्षांत ऐकू आलेली नाही."

पण मला त्यात वाईट वाटलं नाही. माझं सगळं ऐकणं बालगंधर्वांचं. त्यांच्या मूळ तबकड्यांवर फार तर पाच-सहा हजारांपर्यंतचे स्वर उतरलेले. ते पाच-सहा हजारांत गातात, मी आठ हजारांत ऐकतो. दोन-अडीच हजार अजून शिल्लक आहेत.

बालगंधर्व आमच्या घरात का, हे जळगावकराला सांगावं लागत नाही. लहानपणी नारायण राजहंस जळगावला मेहबूबखानांकडे गाणं शिकले, हे इथला माणूस अशा थाटात सांगतो, जणू शिकवणीची फी त्याच्याच आजोबांनी भरली होती. आप्पाही सांगत. जुन्या तबकड्यांवरून काढलेली त्यांची एक एल. पी. आप्पांचा जीव की प्राण. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की रेकॉर्डची बिबडी होऊ नये म्हणून ते ती माजघरात रांजणाच्या गारव्याला उभी ठेवत. मग घामेजलेला सदरा काढून ठेवत आणि मगच यंत्राजवळ जात, कारण सदऱ्याला जिनिंगमधला कापूस चिकटलेला असे आणि त्यातली एक तूस जरी सुईवर बसली तरी बालगंधर्वांना सर्दी होई.

त्या एल. पी.वर दुसऱ्या बाजूला, एका तानेच्या ऐन मध्यावर, ओरखडा आहे. तिथं आली की सुई मागच्या खाचेत घसरे आणि तान तेवढीच पुन्हा, पुन्हा, पुन्हा. मग आई स्वयंपाकघरातून कणकेचे हात तसेच घेऊन येई आणि करंगळीनं दांड्याला हलकेच पुढे ढकली. बालगंधर्व पुढे जात, आई मागे जाई. हे कित्येक वर्षं चाललं. आमच्या घरात ते पद कुणीही गुणगुणलं तरी त्या जागेवर तीन वेळा अडखळूनच पुढे जातं. मी एकदा ते कचेरीच्या गॅदरिंगमध्ये म्हटलं तेव्हा लोकांना वाटलं माझी कवळी सुटली.

आप्पा १९९६ साली गेले. आई त्याआधी. वाटणीला मामा बसले. घर, भांडी, सोनं झालं, आणि गाण्यापाशी येऊन अडलं. मामा पक्के न्यायी. त्यांनी यंत्राची किंमत धरली पंधराशे. रेकॉर्डी भरल्या पंचाहत्तर, प्रत्येकी वीस रुपये, म्हणजे पंधराशे. बरोब्बर! यंत्र मला, जळगावला. रेकॉर्डी थोरल्या भावाला, दादाला, धुळ्याला. एका पैचा अन्याय नाही. दोन आया एका मुलासाठी भांडतात ही गोष्ट आपल्या जातककथांत आहे आणि तिकडे 'मूल कापा' म्हणणाऱ्या शलमोन राजाच्या नावावरही आहे. तिथं खरी आई 'नको' म्हणते म्हणून गोष्ट सुटते. आमच्याकडे दोघी आया 'कापा' म्हणाल्या.

त्यानंतर आमचं बोलणं लग्नात जेवण्यापुरतं आणि मयतात रडण्यापुरतं. जळगाव ते धुळे नव्वदेक किलोमीटर. रेल्वेनं जायचं तर चाळीसगावला जाऊन गाडी बदला, म्हणून लोक एस.टी.नं जातात, आणि आम्ही तर जातच नव्हतो. दादाला पंचाहत्तर झाल्यापासून एस.टी. फुकट आहे. तरी त्याला ते परवडत नव्हतं, आणि मला अर्ध्या तिकिटात परवडत नव्हतं.

दोघंही हट्टी. मी मुंबईच्या चोरबाजारातून रेकॉर्डी जमवल्या. त्यात तीच एल. पी.ही मिळाली, कोरी करकरीत. आणि दादानं धुळ्याला नवा प्लेअर घेतला. एका लग्नात पुतण्या मला मोठ्या अभिमानानं म्हणाला, "काका, आमच्याकडं ती जागा आता अडखळत नाही! मशीन एक नंबर आहे. सरळ पुढं जातं."

तो बिचारा आनंदानं सांगत होता. पण माझा घास हातातच राहिला. माझ्याकडे जुनं यंत्र आणि नवी रेकॉर्ड, अडखळत नाही. त्याच्याकडे जुनी रेकॉर्ड आणि नवं यंत्र, अडखळत नाही. दोन्ही घरांत बालगंधर्व स्वच्छ गातात आणि आईला उठून यायचं कुठंच कारण उरलेलं नाही.

सल्लागार गेल्यावर मी यादी करायला बसलो. १९८३ साली पट्टा बदलला. १९८९ला सुई. १९९८ला एका स्पीकरचा कागद फाटला म्हणून नवा घातला. २००५ साली ॲम्प्लिफायर जळाला, त्या जागी स्थानिक कारागिरानं जुळवलेला बसवला. मग आप्पांचं काय उरलं? नागसेन भिक्खूनं मिलिंद राजाला हेच विचारलं होतं: महाराज, रथातून आलात म्हणता; कणा म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? दांडी म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. मिलिंद ग्रीक होता, तत्त्वज्ञानात वाढलेला, त्याला तेवढ्यावर समजलं. मी कचेरीत वाढलेला. मला एवढंच दिसलं की मूळचा दांडा अजून आहे, आणि दुरुस्तीवाला बदलायला सांगतोय तो नेमका तोच. ते अडखळणं रेकॉर्डमध्येही नाही आणि यंत्रातही नाही. ही रेकॉर्ड या दांड्याखाली आली तरच ते होतं. दांडा बदलला की पृथ्वीवरून ते गेलं.

प्राध्यापकांना विचारलं तर म्हणाले, "अहो, दोष गेला तर चांगलंच की. हाय-फाय म्हणजे हाय फिडेलिटी. फिडेलिटी म्हणजे इमान. मूळ आवाजाशी इमान."

इमान ठीक आहे, पण कुणाशी? बालगंधर्व तर त्या तानेत अडखळले नव्हते. त्यांच्याशी इमान राखायचं तर ओरखडा हा अपमानच. पण मग आईशी काय राखायचं? आणि तेवढ्यावर हे भागलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. आमच्या प्रकरणात आणखी एक सांधा खिळखिळा आहे, आणि त्याला गोलाणी मार्केटात सुटा भाग मिळत नाही.

१९७६ सालची गोष्ट. संध्याकाळी रेकॉर्ड लावलेली आणि ऐन तानेत वीज गेली. तबकडी मंदावली तसे बालगंधर्व खर्जात उतरत गेले आणि थांबले. अंधारात सुई उचलायला मी उठलो, हात हुकला आणि दांडा तबकडीवरून आडवा खर्रकन गेला. मी झटकन मागे सरून भिंतीला टेकलो. तेवढ्यात दादा काडेपेटी शोधत यंत्राजवळ आला आणि आप्पा कंदील घेऊन आत आले. कंदिलाच्या उजेडात यंत्राजवळ कोण दिसणार? आप्पांनी मारलं नाही. ओरखड्याकडे बघत एवढंच म्हणाले, "तुझ्या हाताला यशच नाही."

दादानं माझ्याकडे पाहिलंही नाही. मी त्या वेळी वीस वर्षांचा होतो, म्हणजे मूल होतो असंही म्हणायची सोय नाही. पुढच्या वीस वर्षांत त्यानं यंत्राला एकदाही हात लावला नाही. वाटणीच्या दिवशी मामांनी विचारलं, यंत्र कुणाला? तर दादा म्हणाला, "त्याला द्या. माझ्या हाताला यश नाही." मी तेव्हाही गप्प. ते न्यायाचे दोन सारखे पंधराशे रुपये असे ठरले होते.

पन्नास हजारांत काय काय बदलता येतं याची यादी माझ्यापुढं होती: सुई, दांडा, ॲम्प्लिफायर, स्पीकर. सगळं घरपोच मिळणारं. मी फोन उचलला.

"दादा, ती एल. पी. आहे ना?"

"आहे."

"मी मशीन घेऊन येतोय."

पलीकडं बराच वेळ नुसती खरखर. मग तो म्हणाला, "जेवायला थांबशील ना?"

दांडा सुतळीनं बांधला, यंत्र जुन्या चादरीत गुंडाळलं आणि बसलो धुळ्याच्या गाडीत. कंडक्टर म्हणाला, "बाबा, काय आहे यात?" म्हटलं, "गाण्याचं मशीन." "चालू आहे?" "आहे." "मग लगेज लागेल." "आणि बंद असतं तर?" "तरी लागलं असतं." एरंडोल, पारोळा, मुकटी, प्रत्येक खड्ड्याला मी यंत्र उचलून धरत होतो. शेजारचा म्हातारा म्हणाला, "काय करी ऱ्हायना भाऊ?" त्याला काय सांगणार? आजवर जे उचललं नाही ते उचलतोय?

देवपुरात पोचलो तर वहिनींनी कळण्याची भाकरी थापायला घेतली होती. पुतण्यानं यंत्र पाहून आधी नाक मुरडलं, मग वाकून तारा तपासल्या आणि म्हणाला, "काका, हे फोनोला नाही चालायचं. ऑक्सला लावावं लागेल." लावलं. नव्या स्पीकरमधून जुनी खरखर फार ऐटीत आली. दादानं कपाटातून एल. पी. काढली. कव्हरवर आप्पांच्या अक्षरात खरेदीची तारीख आणि किंमत. तो ती दोन्ही तळहातांच्या कडांनी धरून उभा राहिला आणि मला म्हणाला, "तू ठेव."

"तू ठेव," मी म्हणालो.

शेवटी पुतण्यानं ठेवली.

आम्ही दोघं दोन खुर्च्यांवर. पहिलं पद गेलं, दुसरं गेलं. दादाचे कान माझ्यापेक्षा सहा वर्षांनी जुने, तरी मान बरोबर समेला खाली येत होती. मग ती तान आली. चढली, वळली, आणि खट्. पुन्हा तीच. पुन्हा तीच. वहिनी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, बिघडलं का?"

दादा उठला. मीही उठलो.

"तू बस, भाऊ. रेकॉर्ड माझी आहे."

"यंत्र माझं आहे."

तान फिरतच होती. पुतण्या एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता.

"घर माझं आहे," दादा म्हणाला.

"दादा, ओरखडा माझा आहे."

तो माझ्याकडे पाहत राहिला. तानेचे आणखी सात-आठ फेरे झाले असतील. मग तो सावकाश खाली बसला आणि म्हणाला,

"मग ढकल की. करंगळीनं."